पालीच्या ताटांतील रातकिडा

[नभोवाणीवरील भाषण]

दिवेलागण झाली कीं भिंतीवरच्या दिव्याशेजारीं पाल येऊन बसावी, हें दृश्य ठाऊक नसलेलें मराठी घर सांपडणें कठीण. ती काय खाते, तिला पुरेसें मिळतें कीं नाहीं, तिचीं हाडें बळकट आहेत कीं ठिसूळ, याची विचारपूस कोणी करीत नाहीं. ती चुकचुकली तर एखाद्या आजीबाई जमिनीला बोटें लावून देवाचें नांव घेतात. स्वयंपाकघरांत उतरली तर केरसुणी उगारली जाते. याखेरीज तिचा आणि घरच्या माणसांचा कांहीं व्यवहार नसतो. आपला शिधा ती आपणच मिळविते. दिव्यावर झेपावणारे पतंग, चिलटें, डांस, कोळी, झुरळाचें पिलू, पावसाळ्यांत पंख फुटून बाहेर पडणारी वाळवी, असा तिचा बारमाही आणि फुकटचा बाजार भिंतीवरच भरलेला असतो.

या पालीची एक दूरची बहीण मात्र लंडन, बर्लिन, न्यूयॉर्क अशा शहरांत कांचेच्या पेटींत राहते, आणि तिचा शिधा विकत आणावा लागतो. इंग्रजींत तिला 'लेपर्ड गेको' म्हणतात. बिबट्यासारखे ठिपके अंगावर असल्यामुळें मराठींत तिला ठिपकेवाली पाल म्हणण्यास हरकत नसावी. तिचें मूळ घर अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारत यांच्या कोरड्या, खडकाळ मुलखांत. भिंतीवरच्या पालीप्रमाणें तिच्या बोटांना चिकटपणा नसतो, म्हणून ती कांच चढूं शकत नाहीं. तिच्या डोळ्यांना पापण्या असतात, म्हणून ती झोपली कीं जागी आहे हें कळतें. आणि आपल्या जाड शेपटींत ती चरबीची शिदोरी सांठवून ठेवते. नीट सांभाळली तर ती पंधरा-वीस वर्षें जगते. तिची एक अगदीं जवळची नातलग पश्चिम भारतांत, महाराष्ट्रांतहि, आढळते, आणि ती विषारी आहे अशा खोट्या समजुतीनें पुष्कळदां मारली जाते. एकाच कुळांतील दोघी. एकीच्या वांट्यास काठी, तर दुसरीच्या वांट्यास विजेची ऊब!

परदेशांत स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी कुटुंबांत मुलाच्या हट्टापायीं अशी पाल, किंवा ऑस्ट्रेलियाच्या मूळच्या जातीचा दाढीवाला सरडा, येऊन दाखल झाला, म्हणजे घरच्या गृहिणीच्या ध्यानांत एक गोष्ट थोडी उशिरा येते. एका प्राण्याबरोबर दुसऱ्या शेंदोनशें प्राण्यांनाहि तिनें घरांत घेतलेलें असतें. पाल दुकानांतून एकदांच येते; रातकिडे दर आठवड्यास येतात. पालीची पेटी, तिचा दिवा, तिची पाण्याची वाटी यांविषयीं दुकानदार भरपूर सांगतो. रातकिड्यांविषयीं तो फारसें बोलत नाहीं. ते पुठ्ठ्याच्या किंवा प्लास्टिकच्या डब्यांत मिळतात, आणि घेणाऱ्याला वाटतें, जसा बिस्किटांचा डबा तसाच हा एक.

या गैरसमजाची किंमत शेवटीं पालीला मोजावी लागते.

रातकिड्यांची पैदास हा धंदा मुळांत पालींसाठीं निघालेला नव्हता. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांत मासे पकडणाऱ्यांच्या गळाला लावण्याचें आमिष म्हणून त्यांचीं शेतें निघालीं. पुढें पाळीव सरड्या-पालींचा शौक वाढला तसें तेंच आमिष त्यांचें अन्न झालें. या कामीं जो रातकिडा सर्वत्र रुळला, त्याला लिनिअसनें १७५८ सालीं 'डोमेस्टिकस', म्हणजे घरगुती, असें नांव दिलें. रंगानें तो वाळल्या पेंढ्यासारखा पिवळट असतो. एके काळीं इंग्लंडांतील चुलींच्या आणि पांवभट्ट्यांच्या उबेला हाच राहत असे, आणि डिकन्सनें १८४५ सालीं आपल्या नाताळच्या गोष्टीला चुलीपाशीं गाणाऱ्या रातकिड्याचें नांव दिलें तें याचेंच. चूल गेली, तसा तोहि त्या देशांतील घरांतून बव्हंशीं गेला. आतां तो परत आला आहे तो डब्यांत भरून.

त्याचा जन्मक्रम सोपा आहे. मादीच्या पाठीमागें सुईसारखी एक नळी असते. ती ओल्या वाळूंत खुपसून मादी अंडीं घालते. तीस अंश सेंटिग्रेडच्या आसपास ऊब मिळाली तर सुमारें दोन आठवड्यांच्या आंत टांचणीच्या डोक्याएवढीं पिलें बाहेर पडतात. फुलपांखराप्रमाणें त्यांना कोश नाहीं. बापासारखींच दिसणारीं हीं पिलें सात-आठ वेळां कात टाकतात आणि दीड-दोन महिन्यांत मोठीं होतात. मग नर गाऊं लागतो. त्यानंतर त्याचें आयुष्य कांहीं आठवड्यांचें. दुकानांत रातकिडे आकारावारीं विकतात, कारण पालीच्या दोन डोळ्यांमध्यें जेवढें अंतर असेल त्याहून मोठा घास तिला देऊं नये असा पाळणाऱ्यांचा नियम आहे.

आतां हा डबा घरीं येतो. ओट्याखालीं किंवा गाडीघराच्या कोपऱ्यांत तो ठेवला जातो. पहिल्या दिवशीं आंत मोठी खळबळ असते. दुसऱ्या दिवशीं कांहीं उताणे पडलेले दिसतात. तिसऱ्या दिवशीं झांकण उघडतांच असा दर्प येतो कीं उघडणारा डबा हातभर दूर धरतो. निम्मे मेलेले, उरलेल्यांपैकीं कित्येकांचे पाय तुटलेले, आणि जे धडधाकट दिसतात ते मेलेल्यांना खात असलेले. "रातकिडेच ते, आज ना उद्यां मरावयाचेच," असें म्हणून जिवंत असतील तेवढे पालीच्या पेटींत झाडून टाकले जातात, आणि पाल जेवली असें सर्वांना वाटतें.

हे रातकिडे कां मेले, याचें उत्तर एका वाक्यांत देतां येत नाहीं, कारण रातकिडा तहानेनें मरतो आणि पाण्यानेंहि मरतो. उघड्या वाटींत पाणी ठेवलें तर लहान पिलें त्यांत बुडतात. पाणी नसलें तर त्यांचे हाल होतात, आणि ओलाव्यासाठीं तीं एकमेकांच्या अंगावर जातात. नुकतीच कात टाकलेला किडा पांढरा आणि मऊ असतो. त्याचा पहिला बळी पडतो. डब्याच्या तळाशीं विष्ठा, उष्टें आणि प्रेतें यांचा थर सांचतो. त्याला ओल लागली कीं बुरशी धरते आणि अमोनियाचा वायु सुटतो. तो डब्याच्या बंद हवेंत कोंडून राहतो व उरलेल्यांनाहि लोळवितो. माणसाच्या नाकाला जी दुर्गंधि असह्य होते, ती त्या इवल्या प्राण्याच्या श्वासरंध्रांना कांहीं कमी जाचक नसते.

यावरचे उपाय मात्र स्वस्त आहेत. दुकानाच्या डब्यांतून रातकिडे आल्याबरोबर मोठ्या, हातभर उंच आणि गुळगुळीत बाजूंच्या भांड्यांत काढावे. झांकणाला मोठें भोंक पाडून त्यावर तारेची जाळी बसवावी. कापडाची किंवा नायलॉनची जाळी ते कुरतडून बाहेर पडतात, आणि मग रात्रभर शीतकपाटामागें गायन चालतें. आंत अंडीं ठेवण्याचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे करावे. ते आडवे ठेवले तर त्यांच्या खळग्यांत घाण सांठते; उभे ठेवले तर ती खालीं गळते आणि किड्यांना चढण्या-उतरण्यास, एकमेकांपासून दडण्यास भरपूर जागा मिळते. तळाशीं वाळू, भुसा कांहीं घालूं नये. उघडा तळ दिसावयास बरा नसला तरी पुसावयास सोपा असतो, आणि या कामांत पुसण्याला शोभेपेक्षां अधिक मान आहे. ऊब पंचवीस ते तीस अंश असावी. थंडींत गाडीघरांत ठेवलेले रातकिडे मरत नसले तरी खात नाहींत, आणि न खाणारा रातकिडा कां निरुपयोगी, तें पुढें येईलच.

पाणी द्यावयाचें तें बटाट्याच्या, गाजराच्या किंवा संत्र्याच्या फोडीच्या रूपानें द्यावें, अथवा उथळ बशींत खडे भरून त्यांवर थोडें शिंपडावें. फोड रोज बदलावी. खाणें म्हणून दळलेलें कोंबड्यांचें खाद्य, गव्हाचा कोंडा, ओटचें पीठ हें चालतें. मेलेले किडे एक-दोन दिवसांआड वेंचून काढावे. नवी खेप जुन्या खेपेंत मिसळूं नये. भांडीं दोन ठेवावीं, म्हणजे एकींत रोग आला तर दुसरी वांचते. आणि त्या खोलींत डांसांची उदबत्ती लावूं नये कीं झुरळांचें औषध फवारूं नये. ही सूचना पोरकट वाटेल. परंतु रातकिडा हाहि कीटकच आहे ही गोष्ट कीटकनाशक हातांत घेतलेला मनुष्य सहज विसरतो.

इतकी यातायात एका भक्ष्यासाठीं कशाला, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर हाडांत आहे.

रातकिड्याला हाडें नसतात. त्याचा सांगाडा अंगाबाहेर असतो, तोहि कायटिन नांवाच्या द्रव्याचा; त्यांत चुन्याचा अंश जवळजवळ नाहीं. पालीला मात्र हाडें आहेत, जबडा आहे, शेपटीच्या टोंकापर्यंत मणके आहेत, आणि मादीला अंड्यांच्या कवचासाठीं निराळा चुना लागतो. हाडें असलेल्या प्राण्याला हाडें नसलेल्या प्राण्यावर जगवावयाचें, ही या सर्व उद्योगांतली मूळ अडचण आहे. पालीच्या अन्नांत कॅल्शिअम हें निदान फॉस्फरसाइतकें तरी असावें लागतें. दीडपट-दुप्पट असेल तर उत्तम. रातकिड्याच्या अंगांत हें प्रमाण नेमकें उलटें असतें. फॉस्फरस कॅल्शिअमच्या सहापट ते नऊपट भरतो. रानांत ही तूट भरून निघते, कारण तेथें पाल एकाच जातीच्या किड्यावर राहत नाहीं, आणि ती जे किडे खाते त्यांचीं पोटें तऱ्हेतऱ्हेचीं पानें, बिया, माती यांनीं भरलेलीं असतात. पाल किडा गिळते तेव्हां त्याच्या पोटांतली भाजीहि गिळते. कांचेच्या पेटींत तिला एकच किडा मिळतो, आणि तो चार दिवसांचा उपाशी असला तर त्याच्या पोटांत कांहींच नसतें. कवच आणि थोडें मांस, एवढेंच तिच्या पदरांत पडतें.

याचा परिणाम लगेच दिसत नाहीं, हीच त्यांतली खरी भीति. रक्तांतलें कॅल्शिअम कमी झालें तर हृदय आणि स्नायू चालणार नाहींत, म्हणून शरीर तें हाडांतून काढून घेतें. गळ्यांतील एका ग्रंथीचा रस हें काम करतो. घरचा खर्च चालविण्यासाठीं भिंतीच्या विटा विकाव्या, तसा हा प्रकार. कांहीं आठवडे किंवा महिने पाल ठीक दिसते. मग तिचा जबडा मऊ पडतो आणि दाबला तर लवतो. पाय वांकतात किंवा सुजतात. ती पोट उचलून चालेनाशी होते, जमिनीवर सरपटते. बोटें थरथरूं लागतात. साध्या उडीनें हाड मोडतें. घरच्या मुलाला एवढेंच दिसतें कीं पाल पूर्वींसारखी किड्यावर झडप घालीत नाहीं. जबडा दुखत असल्यामुळें ती खात नाहीं, आणि खात नसल्यामुळें जबडा अधिकच ढासळतो. वेळींच वैद्य गांठला तर रोग थोपवितां येतो. वांकलेलें हाड मात्र बहुधा वांकलेलेंच राहतें.

यावर उपाय काय, याचा एक फार उपयुक्त प्रयोग वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयांतील मेरी ॲलन आणि ओलाव ऑफ्टेडाल या दोघांनीं १९८९ सालीं प्रसिद्ध केला. त्यांनीं रातकिड्यांना कमी-अधिक चुना घातलेलीं खाद्यें देऊन नंतर त्या किड्यांचें पृथक्करण केलें. शेंकडा आठ भाग कॅल्शिअम असलेल्या खाद्यावर दोन दिवस ठेवलेल्या रातकिड्यांत कॅल्शिअमचें प्रमाण पालीला मानवेल इतकें वाढलें. परंतु हा चुना किड्याच्या अंगीं लागत नाहीं. तो त्याच्या पोटांत असतो, एवढेंच. किड्यानें पोट रिकामें केलें कीं तो गेला. म्हणजे रातकिडा हा चुना वाहून नेणारी एक पिशवी ठरतो, आणि ती पिशवी भरण्याचें काम दुसरें कोणी करूं शकत नाहीं; तें त्यानें स्वतः, भुकेनें, खाऊनच करावें लागतें. गारठलेला, तहानलेला, घाणींत गुदमरलेला किडा खात नाहीं. त्याच्यापुढें उत्तमांतलें उत्तम खाद्य ठेवलें तरी त्याची पिशवी रिकामीच राहते. रातकिड्याची निगा ही पालीच्या निगेहून वेगळी काढतां येत नाहीं, ती या कारणानें.

म्हणून पाळणारे जाणकार असें करतात कीं नेहमींच्या भांड्यांतून लागतील तेवढे किडे दोन दिवस आधीं वेगळे काढतात, त्यांना चुन्याचें खास खाद्य देतात, आणि मग पालीपुढें ठेवतात. तें खाद्य फार दिवस देऊं नये. इतका चुना रातकिड्यांना सोसत नाहीं, ते मरूं लागतात. जोडीला मोहरीचीं किंवा कोलार्ड नांवाच्या कोबीच्या जातीचीं पानें द्यावीं. पालक मात्र टाळावा. तो पौष्टिक म्हणून नांवाजलेला असला तरी त्यांतील ऑक्झॅलिक आम्ल चुन्याला बांधून टाकतें.

दुसरा उपाय अधिक प्रचारांत आहे, कारण तो झटपट आहे. रातकिडे पिशवींत घालून त्यांवर चुन्याची पूड टाकावयाची आणि हलवून पेटींत सोडावयाचे. करंज्यांना पिठी लावावी तशी. उपाय चांगला आहे, पण रातकिडा मोठा टापटिपीचा प्राणी आहे. तो लगेच मिशा आणि पाय पुसावयास बसतो, आणि कांहीं तासांत अंग स्वच्छ करून मोकळा होतो. पालीनें तेवढ्या अवधींत खाल्ला तर ठीक. नाहीं तर पूड पेटीच्या तळाशीं आणि किडा पूर्ववत्. दोन्ही उपाय मिळूनच करावे हें बरें. शिवाय चुना पचण्यास ड जीवनसत्त्व लागतें. सूर्यप्रकाशांतील जंबुपार किरणांनीं तें कातडींत तयार होतें. पण खिडकीची साधी कांच नेमके तेच किरण अडविते, म्हणून खिडकीपाशीं ठेवलेल्या पेटींत ऊन पडलें तरी तो लाभ होत नाहीं. त्यासाठीं खास दिवे मिळतात. तें जीवनसत्त्व पुडीच्या रूपानेंहि देतात; मात्र तें जास्त झालें तरी विषारी ठरतें.

किड्यांना खाऊं घालून जगविण्याची कल्पना या देशाला अगदींच नवी नाहीं. गुजरातेंतील कांहीं पांजरपोळांत 'जीवातखाना' नांवाची खोली असे. धान्यांत सांपडलेले किडे घरोघरहून आणून तेथें सोडीत, आणि त्यांच्या खाण्यासाठीं धान्य ठेवीत. तेथें किडा त्याच्या स्वतःसाठीं जगविला जाई. कांचेच्या पेटीशेजारच्या भांड्यांत तो दुसऱ्याच्या पोटासाठीं जगविला जातो. अहिंसेच्या दृष्टीनें या दोहोंतलें अंतर कोणी नाकारणार नाहीं, आणि ज्याला तें सहन होत नाहीं त्यानें मांसाहारी प्राणी पाळूं नये हेंच योग्य. ज्यानें पाळला, त्याच्याकडे मात्र त्या किड्याचें थोडें देणें उरतेंच. निदान त्याचे शेवटचे दिवस घाणींत जाऊं नयेत एवढें तरी.

हें देणें चुकविलें म्हणजे काय होतें, याचा एक धडा मोठ्या व्यापाऱ्यांनाहि मिळालेला आहे. रातकिड्यांना होणारा एक सांसर्गिक रोग 'डेन्सोव्हायरस' नांवाच्या विषाणूनें होतो. हा विषाणु १९७७ पासून शास्त्रज्ञांना ठाऊक होता. २००२ च्या सुमारास युरोपांतील पैदास-केंद्रांत त्यानें हाहाकार उडविला, आणि २००९-१० मध्यें तो उत्तर अमेरिकेंत पसरला. वाढ पुरी होत आलेले रातकिडे सुस्त होत, उताणे पडत आणि थोड्या दिवसांत मरत. पोट फाडून पाहिलें तर आंतडें रिकामें. लाखोंच्या संख्येनें एकाच जातीचे किडे एकाच छपराखालीं कोंडलेले असल्यावर आगीला गवताची गंजी मिळावी तसें झालें. फ्लोरिडांतील एका जुन्या शेतानें २०१० मध्यें दिवाळें काढलें. मनुष्याला किंवा पालींना या विषाणूचा उपद्रव नाहीं. पण ज्या घरांत पाल फक्त रातकिड्यांवर राहत होती, तेथें दुकान रिकामें झाल्यावर खावयास काय द्यावें, हा प्रश्न पडला.

मग दुसऱ्या जातींचा शोध सुरू झाला. परवान्यावांचून परदेशी किडे आणण्यास अमेरिकेच्या शेतकी खात्याची मनाई असतांहि निरनिराळ्या जाती बाजारांत आल्या. त्यांपैकीं एक तर शास्त्रांत नोंदलेलीच नव्हती. हजारोंनीं विकली जात असलेल्या त्या जातीचें नामकरण २०१२ सालीं झालें, तें तिच्या तांबूस रंगावरून आणि वेड्यासारख्या धांवण्यावरून. दुसरी जात टिकली ती पट्टेवाल्या रातकिड्याची. तो आखूड पंखांचा, चपळ, आणि या विषाणूला दाद न देणारा असतो. मौजेची गोष्ट ही कीं हा पट्टेवाला भारतांतहि घरांच्या आसऱ्यानें राहतो. येथें ज्याला झाडूनें बाहेर लोटतात, त्याचे सगेसोयरे तेथें डब्यांत भरून मोलानें विकले जातात.

तेव्हां एकाच किड्यावर विसंबूं नये, हा बोध घेऊन पाळणारे आतां इतर किडेहि ठेवतात. पिठांतील अळी कोंड्यांत वाढते आणि शीतकपाटांत ठेवली तर आठवडेच्या आठवडे निजून राहते, मात्र आठवड्यांतून एकदां तिला बाहेर काढून खाऊं घालावें लागतें. तिच्यांत चुना रातकिड्याहूनहि कमी. तिच्यासारखीच दिसणारी मोठी अळी मात्र थंडींत मरते, आणि दुकानदाराच्या तोंडून ही गोष्ट ऐकली नाहीं म्हणून कित्येकांनीं तिचे डबेच्या डबे शीतकपाटांत ठेवून गमावले आहेत. मेणकिडा म्हणजे निव्वळ चरबी; तो सणावारीं द्यावा. काळ्या सैनिक-माशीची अळी या सर्वांत निराळी. तिच्या कातड्यांतच चुना असतो, त्यामुळें तिला वेगळें कांहीं चारावें लागत नाहीं. दक्षिण अमेरिकेंतील एक झुरळ गुळगुळीत भांडें चढूं शकत नाहीं आणि गातहि नाहीं, म्हणून तें शेजाऱ्यांना फार आवडतें. घरच्या गृहिणीला त्याचें नांव आवडत नाहीं, इतकीच अडचण. आणि इंग्लंडांत टोळ डझनाच्या हिशेबानें विकत मिळतो. ज्या वाळवंटी टोळाच्या धाडी २०२० च्या मे महिन्यांत अमरावती-नागपूरपर्यंत येऊन गेल्या, तोच हा.

बाहेरचे किडे पकडून घालावे काय? फवारलेल्या बागेंतला किडा पालीलाहि विष ठरूं शकतो. काजव्याविषयीं तर विशेष जपलें पाहिजे. अमेरिकेंतील काजव्यांच्या कांहीं जातींच्या अंगांत असें विष असतें कीं एकच काजवा खाऊन दाढीवाले सरडे थोड्या वेळांत मेल्याच्या घटना १९९९ मध्यें शास्त्रीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या. ऑस्ट्रेलियाच्या रानांत त्या सरड्याची आणि अमेरिकेच्या काजव्याची कधीं गांठ पडली नव्हती. त्याला टाळण्याचें शिक्षण त्याच्या रक्तांत कोठून असणार?

भारतांतील श्रोत्यांसाठीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. वन्य जीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्याप्रमाणें घोरपड, तारा-कासव यांसारखे कित्येक देशी सरपटणारे प्राणी घरांत ठेवणें गुन्हा आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनें आंतरराष्ट्रीय करारांत नोंदलेल्या परदेशी जातींचीहि नोंदणी आवश्यक झाली आहे. रानांतली ठिपकेवाली पाल दिसली तर ती जेथें आहे तेथेंच राहूं द्यावी. तिच्या शिध्याची सोय तेथें झालेली आहे.

राहतां राहिला पेटींतल्या रात्रीचा प्रकार. ठिपकेवाली पाल दिवसा निजते आणि दिवे गेल्यावर शिकारीस निघते. शेपटीचें टोंक हलवीत ती किड्याकडे पाहते, मान किंचित् वांकडी करते आणि झेपावते. पांच-सहा किडे झाले कीं तिचें समाधान होतें आणि ती गुहेंत जाऊन पडते. उरलेले किडे मात्र जागेच असतात. त्यांना भूक आहे, तहान आहे, आणि पेटींत त्यांच्यासाठीं कांहीं ठेवलेलें नाहीं. मग ते निजलेल्या पालीचीं बोटें, शेपटी, पापण्यांच्या कडा कुरतडतात. दुबळी पाल त्यांना हुसकूंहि शकत नाहीं. म्हणून जितके सोडले तितके मोजून ठेवावे, जेवण झाल्यावर उरलेले काढून घ्यावे, आणि एखादा दगडाआड लपून सांपडलाच नाहीं तर दिवा मालवण्यापूर्वीं त्याच्यासाठीं गाजराची एक चकती पेटींत ठेवून द्यावी.